बाभळीवरचा उपवास

चिमण्यांना अजून माणसांची नक्कल करायची सवय नव्हती असं म्हणतात, तेव्हाची ही गोष्ट. एकाच हंगामात अंड्यातून निघालेल्या चाळीस-एक चिमण्या बांधावरच्या बाभळीवर रोज सकाळी जमायच्या. आधी पिलांच्या, पावसाच्या, दुखऱ्या पंखांच्या गप्पा व्हायच्या. मग ज्वारीच्या शेतात बुजगावणं उभं राहिलं आणि दुसरा विषयच उरला नाही.

"साहेब दिवसरात्र उभे असतात, पण एक दाणा खात नाहीत!" ठेंगू चिमणा गहिवरून म्हणायचा. साहेबांच्या मानापोटी कुणी कणसाला चोच लावेना. पिलं भुकेने ओरडू लागली, तेव्हा त्यात कावळ्यांचा हात आहे असं ठरलं.

ठेंगूची लहानपणची मैत्रीण भुरी म्हणाली, "अरे, आपण खाऊ नये म्हणूनच तर त्याला उभं केलंय. आत नुसता पेंढा आहे."

"कावळ्यांनी किती दाणे दिले तुला?" असं म्हणून ठेंगूने तिला टोचून हाकललं. बाकीच्यांनी त्याची वाहवा केली.

भुरी सरळ बुजगावण्याच्या खांद्यावर जाऊन बसली आणि ज्वारी खाऊ लागली.

दोन दिवसांनी भर दुपारी ठेंगू हळूच तिच्या शेजारी येऊन बसला. त्याने अर्धं कणीस साफ केलं आणि पिलासाठी चोचीत दाणे भरून घेता घेता म्हणाला, "बाभळीवर बोलू नकोस हं. तिथे माझा उपवास आहे."

भुरीने मान वळवून पाहिलं. पलीकडच्या कणसांवर उरलेली सगळी बाभळ एकमेकांकडे पाठ करून उपवासच करत होती.