पाणी ओतणारी धामण

स्वतःचं काही बिघडलं की सरपंच रंगराव अण्णांना नेमकं दुसऱ्याचं अंगण दिसायचं. डेअरीवाल्याने त्यांचं दूध पातळ म्हणून दोनदा परत पाठवलं, तेव्हा त्यांना शेजारच्या पारूबाईच्या कडब्याच्या गंजीतली धामण दिसली. बिचारी बिनविषारी, उंदरांवर जगणारी. पण अण्णांनी गावभर करून टाकलं, "ती माझ्या म्हशीच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते!"

सकाळीच ते काठी आणि चार माणसं घेऊन अंगणात हजर. "पारूबाई, गंजी उपसा. आज तिला ठेचतोच."

"ठेचा की," पारूबाई म्हणाली. "पण अण्णा, ती एवढं दूध पिते, तरी तुमची किटली डेअरीत रोज काठोकाठ कशी जाते?"

"कशी म्हणजे?"

"म्हणजे पिऊन झाल्यावर ती तेवढंच पाणी ओतून जात असणार. वळण चांगलंय हो तिला!"

चौघांनाही एकदम खोकला आला.

"ठेचा खुशाल. फक्त उद्यापासून त्या पाण्याचा आळ कुणावर घालायचा, तेवढं ठरवून ठेवा."

अण्णांनी काठी काखेत मारली आणि माणसांवरच खेकसले, "बघताय काय? मुक्या जिवाला कुणी मारतं का!"