शिंपिणीचं घरटं गाडीवर

मळेकरांच्या रोपवाटिकेत एक शिंपीण राहायची. शिंपीण म्हणजे एवढासा पक्षी. चोचीनं पान शिवायची, आत घरटं करायची.

तिनं अंजिराच्या रोपाचं पान शिवलं. टाका टाका, टाका टाका. आत तीन अंडी घातली. टाके इतके बारीक, की कुणाला दिसलेच नाहीत.

एकदा ती किडे खायला गेली. परत येते तर काय? रोप हातगाडीवर! गिऱ्हाईक दारात उभं. काकांनी गाडी ढकलली, खडखड खडखड.

शिंपीण उडाली, भुर्र भुर्र.
"गाडी गाडी, थांब ना. माझं घरटं चाललं."
गाडी म्हणाली, "काका थांबले तर थांबेन."

भुर्र भुर्र.
"काका काका, थांबा ना. गाडी थांबेना, माझं घरटं चाललं."
काका म्हणाले, "रोप आत्यानं विकलं. तिनं सांगितलं तर थांबेन."

आत्या रोपांना पाणी घालत होती. भुर्र भुर्र.
"आत्या आत्या, सांग ना. काका थांबेनात, गाडी थांबेना, माझं घरटं चाललं."
आत्या म्हणाली, "आजोबा म्हणाले तर सांगेन."

आजोबा मागच्या राईत, बकुळीखाली झोपले होते. भुर्र भुर्र.
"आजोबा आजोबा, उठा ना. आत्या सांगेना, काका थांबेनात, गाडी थांबेना, माझं घरटं चाललं."
आजोबा कसले उठतात! घुर्र घुर्र.

शिंपीण रडकुंडीला आली.
"बकुळी बकुळी, उठव ना. आजोबा उठेनात, आत्या सांगेना, काका थांबेनात, गाडी थांबेना, माझं घरटं चाललं."

बकुळ म्हणाली, "मीही रोप होते गं. माझ्या फांदीत बुलबुलाचं घरटं होतं. आजोबा तेव्हा एवढेसे. त्यांनी मला विकू दिलं नाही, इथं लावलं. मग मी तुला नाही कशी म्हणू?"

बकुळीनं फूल टाकलं. टप! आजोबांच्या नाकावर.

आजोबा उठले. शिंपिणीनं सारं सांगितलं. आजोबांनी आत्याला सांगितलं, "घरट्याचं रोप आपण विकत नाही." आत्यानं काकांना सांगितलं. काका थांबले. गाडी थांबली. खड, खड, खट.

आत्यानं वाकून पाहिलं. एक, दोन, तीन. "चुकलं गं माझं," ती म्हणाली. रोप होतं तिथं ठेवलं. गिऱ्हाइकाला दुसरं दिलं.

पिल्लं मोठी झाली, उडाली. मग अंजीर राईत लावलं. ती सारी राई अशीच झाली आहे, बरं का! शिंपीण आता रोज आत्याच्या रोपांवरच्या अळ्या वेचते. कुणी न सांगता.

अंजीर राईत, पिल्लं रानात, शिंपिणीची गोष्ट तुमच्या कानात.