पांढरी रोपं

"सांगा ना बुवा, मेली का ही?"

नवनाथने मिरचीच्या रोपांचा ट्रे मठाच्या अंगणात आदळला. पानं कागदासारखी पांढरी पडली होती.

उमाजीबुवा साधू होण्याआधी वीस वर्षं एका संशोधन केंद्रात रोपं सांभाळायच्या कामाला होते. त्यांनी नखाने एक पान उलटून पाहिलं.

"उन्हात काढलीस?"

"उगवली त्याच दिवशी. लवकर हिरवी व्हावी म्हणून." नवनाथचा आवाज चढला. "अंकुशदादानं जायच्या आदल्या दिवशी पेरली होती. त्याच्या हातचं एवढंच उरलंय, बुवा."

बुवांनी मातीत बोट घालून ओल पाहिली.

"युरिया टाकला. दोन-दोनदा पाणी दिलं. तरी ढिम्म! बियाणंच आळशी."

"आळशी नाही. पानात हिरवे कण असतात, अन्न करणारे. ते भाजले. त्यांनी आत निरोप धाडला. नवा हिरवा माल घडवायचा हुकूम आतल्या जनुकांकडून निघतो. निरोप पोचला... हुकूम थांबला."

"भाजलं म्हणून काम सोडायचं? मी सोडलं का? राख सावडली, तडक नर्सरी गाठली. दहाव्याला कावळा शिवला की निघालो. दादाच्या वाट्याचंही मीच उरकतोय. डोळ्यातून टिपूस काढलं नाही!"

बुवांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"केंद्रात एक वाण होतं. त्याला तो निरोप ऐकूच जायचा नाही. कण मोडलेले, तरी आतून हुकूम चालूच."

"असं पाहिजे!"

"हं..."

"मग? काय व्हायचं त्याचं?"

"कडक उन्हात सगळ्यांच्या आधी तेच जळायचं."

 

बुवांनी ट्रे उचलून चिंचेखाली नेला. एका रोपाच्या शेंड्याशी बोट धरलं. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका होता.

नवनाथ अंगणातूनच ओरडला, "पाणी घालू?"

"नको."

"खत?"

"नको."

"मग मी करू तरी काय?" त्याचा आवाज फाटला.

बुवा ट्रेशेजारी बसले. बसता बसता थोडे सरकले, बाजूला माणसापुरती जागा झाली.

"तू अजून उन्हात का उभा आहेस?"