रिकामा झालेला कातळ

माणसं मतदान करायला शिकली, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. एका रानात हुकूम निघायचे म्हाताऱ्या हत्तीच्या नावाने, पण ठरवायचे साळिंदरदादा आणि त्यांचे पाच मंत्री. नियम एकच: बैठकीत हवं तेवढं भांडा, बाहेर सगळ्यांनी एकच बोलायचं. आमच्या घरी दोघांत साधी भाजी ठरत नाही, त्यामुळे मला त्यांचं भारी कौतुक.

एका उन्हाळ्यात तळं आटायला लागलं. पाणी टिकावं म्हणून सखल काठ बंद करून फक्त कड्याकडून प्यायचं ठरलं. "पाडसं कडा उतरणार कशी?" पाणीमंत्री पाणमांजर बैठकीत तावातावाने भांडली, पण एकटी पडली.

सकाळी सभा भरली. मंत्री आपापल्या कातळावर बसले. हरिणी सुकलेल्या पाडसाला घेऊन पुढे आली.

"पाणमांजरबाई, तुम्हाला पटतोय का हा हुकूम?"

साळिंदरदादांचे काटे ताठ झाले. "सांभाळून बोल गं," ते पुटपुटले. "तू फुटलीस तर रानाचा आपल्यावरचा विश्वास उडेल. सगळेच घरी जाऊ."

"ठाऊक आहे, दादा."

पाणमांजर कातळावरून उतरली आणि हरिणीशेजारी धुळीत जाऊन बसली.

"आता मी मंत्री नाही. आता विचार."

"पटतोय?"

"नाही."

सगळं रान साळिंदरदादांकडे बघायला लागलं. दादा मात्र त्या रिकाम्या कातळाकडे बघत होते. हळूहळू त्यांचे काटे खाली बसले.

"बैठक पुन्हा घेऊ, आत्ताच," ते म्हणाले. "आणि तोवर त्या पाडसाला सखल काठावर न्या."