मगरडोहाचं नवं नाव

जंगलाचे नकाशे झाडाच्या सालीवर कोरत, त्या काळातली ही गोष्ट. मगरीच्या आग्रहावरून सिंहाने नकाशावरचं ‘मगरडोह’ खोडून ‘अमृतकुंड’ कोरलं. जुनं नाव घेईल त्याची जीभ छाटायची, असं फर्मानही काढलं.

एका उन्हाळ्यात डोंगरापलीकडून तहानलेला चितळांचा कळप आला. काठावरच्या झाडावर म्हातारा वानर होता. धोका दिसला की ओरडून चितळांना सावध करायचं, ही वानरांची पूर्वापार रीत.

“आजोबा, या पाण्याला काय म्हणतात?” पुढच्या चितळीने विचारलं.

वानराने तोंड उघडलं. झाडाखाली सिंहाचा कोल्हा कान टवकारून बसला होता.

“अमृतकुंड, पोरी,” वानर पुटपुटला आणि त्याने डोळे गच्च मिटले.

पाणी एकदाच जोरात खळबळलं.

वानराने बोटांनी जीभ चाचपली. जीभ जागेवर होती.