आठवा पानमळा

"मग तुमचाच मळा तेवढा कसा वाचला, आप्पा?"

भुजंगने तिसऱ्यांदा विचारलं. पिकांवरच्या रोगांचा अभ्यास करणारा तो मोठा शिकलेला माणूस. पण पानवेल बांधायला त्याला लहानपणी शिवलिंगआप्पांनीच शिकवलं होतं. आज ते मळ्याच्या दारात आत उभे होते आणि हा बाहेर.

"सात मळे गेले, आप्पा. वेल बुडाशी काळा पडतो नि आठ दिवसांत मान टाकतो. पाणी तेच, खत तेच, बेणंसुद्धा तुमच्याच मळ्यातलं. माझं डोकंच चालेनासं झालंय. तुमची माती तरी बघू द्या."

"ये की. बूट काढ, पाय धू."

"पुन्हा तेच! दोन वर्षं हेच ऐकून परत जातोय. मी माती तपासायला येतो, देवदर्शनाला नाही."

"बाकीचे येऊ देतात?"

"मान राखतात माझा. बुटासकट या म्हणतात."

"बरं, साहेब..." आप्पा हसले. "रोग कुठनं कुठं गेला, सांग बघू."

भुजंगने वही उघडली. "आधी मगदुमांचा मळा. मग चौगुल्यांचा. मग ओढा ओलांडून एकदम कोष्ट्यांचा. मधले दोन मळे सोडून पलीकडे कसा गेला, हेच तर उमगत नाही!"

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कुठनं कुठं गेलास?"

त्याने मागची पानं उलटली. भेटींच्या तारखा होत्या. मगदूम. चौगुले. कोष्टी...

बोट थांबलं.

चौगुल्यांकडे तो गेला तेव्हा मळा हिरवागार होता. कोष्ट्यांचाही. रोगट मातीशी ताडून बघायला निरोगी माती हवी, म्हणून तर गेला होता.

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आप्पा बाहेर येऊन उकिडवे बसले. काडीने त्याच्या बुटाच्या कडेची ओली माती खरवडली आणि उघड्या वहीवर ठेवली.

"पण आप्पा, मी तर रोग घालवायला..."



भुजंगने घाईघाईने बूट काढले. ते कुठे ठेवावेत, तेच त्याला कळेना. शेवटी लांब बांधावर ठेवून आला. दाराशी घागर होती, तिच्यातल्या पाण्याने पाय धुतले, पुन्हा धुतले.

"आता येऊ आत?"

"रोग शोधायला आलास ना?" आप्पांनी आत जाऊन दार हळूच ओढून घेतलं. "मग आत कशाला?"