टिटवीने किती भांडणे मिटवली?

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक कोल्हा राहत असे. तो त्या जंगलाचा पंच होता. नदीकाठच्या सपाट दगडावर बसून तो सगळ्यांचे तंटे मिटवून देई. निवाडा तो चांगला करी, हे खरे सांगायला हवे. पण निवाड्यापेक्षा त्याला निवाड्यानंतरचे बोलणे अधिक आवडे. "कोल्होबा होते म्हणून निभावलं," असे कोणी म्हटले की त्याची शेपटी आपोआप फुले.

जंगलात तंट्यांना तोटा नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुले टपटप गळत आणि खडकातल्या एका खळग्यात साचत. उन्हाने ती आंबली की संध्याकाळपर्यंत त्यांचे झिंग आणणारे पाणी होई. मग जंगलातली पिल्ले तिथे जमत. पिऊन झाले की आधी खिदळत, मग एकमेकांना डिवचत आणि शेवटी जुंपे. झाडाला मोह हे नाव ज्याने ठेवले, त्याने बहुधा ही पिल्ले पाहिली असावीत.

टिटवी आपली अंडी उघड्या जमिनीवर घालते, हे तुम्हाला ठाऊक असेल. एका संध्याकाळी झिंगलेल्या पिल्लांच्या पायांखाली एका टिटवीची सगळी अंडी फुटली. ती कोल्ह्याकडे गेली. त्याने चौकशी केली, पिल्लांना तिच्यापुढे माना खाली घालायला लावल्या आणि माफी मागायला लावली.

"निवाडा बरोबर आहे, कोल्होबा," टिटवी म्हणाली. "पण अंडी फुटली ती फुटलीच."

टिटवीने पिल्लांना उपदेश केला नाही. उपदेशाचे काय होते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. ती अस्वलाकडे गेली आणि म्हणाली, "अस्वलदादा, मोहाची फुलं तुम्हाला आवडतातच. ती आंबण्याआधी सकाळीच खाऊन टाकाल का?"

"पोटभर खायलाही कोणी विनंती करतं का?" अस्वल म्हणाले आणि कामाला लागले.

वानराने संध्याकाळी वडावर सूरपारंब्या शिकवायचे कबूल केले. दमलेल्या पिल्लांना हरिणी गोष्टी सांगू लागली. आणि जे पिल्लू वडाखाली दिसत नसे, त्याच्या दाराशी जाऊन टिटवी ओरडत बसे. टिटवीचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला ते पिल्लू बाहेर का येई हे सांगावे लागणार नाही.

हळूहळू भांडणे थांबली. कोल्ह्याच्या दगडावर पाचोळा साचू लागला. तो एकटाच तिथे बसून वडाकडचे हसणे ऐकत राही. जाणारी-येणारी जनावरे म्हणत, "टिटवीताईंमुळे पोरं मार्गाला लागली." ते ऐकले की कोल्ह्याच्या पोटात दुखे. काड्यांसारख्या पायांचे एवढेसे पाखरू, आणि कौतुक त्याचे! टिटवी त्याच्या डोळ्यांत सलू लागली.

"अहो, आपलं पिल्लूसुद्धा आता अंगाला ओरखडा न येता घरी येतं," कोल्हीण म्हणाली. "तुम्हाला काय होतंय?"

"मला काय व्हायचंय?" कोल्हा म्हणाला आणि पुढ्यातला घास टाकून उठून गेला.

अखेर त्याला राहवेना. त्याने सगळ्यांना दगडापाशी बोलावले आणि विचारले, "मी आजवर किती भांडणं मिटवली?"

"अहो, मोजता येणार नाहीत इतकी," जनावरे म्हणाली.

"आणि टिटवीबाईंनी किती मिटवली?"

ससा खरे बोलणारा होता. तो म्हणाला, "तसं पाहिलं तर एकही नाही."

"मी ती होऊ दिली नाहीत," टिटवी म्हणाली.

"असं? मग न झालेलं एखादं भांडण दाखवा बघू."

न झालेले भांडण कसे दाखवणार? सगळे हसले. अस्वल सकाळी लवकर उठून कंटाळले होते. वानराचे खांदे दुखत होते. हरिणीच्या गोष्टी संपत आल्या होत्या. काम सोडायला निमित्तच हवे असते, ते कोल्ह्याने दिले. दुसऱ्या दिवसापासून वडाखाली कोणी आले नाही. टिटवी नदीपलीकडच्या वाळूत निघून गेली.

खळगा पुन्हा भरला, फुले पुन्हा आंबली आणि पिल्लांची पुन्हा जुंपू लागली. कोल्ह्याच्या दगडावरचा पाचोळा उडून गेला. रोज कोणी ना कोणी रडत येई आणि समाधानाने परत जाई. कोल्ह्याची शेपटी दिवसभर फुललेली असे. इतके सुखाचे दिवस त्याला कधी आले नव्हते.

एका संध्याकाळी खळग्याकडून मोठा गलका ऐकू आला. थोड्या वेळाने घोळका दगडाकडे आला. पुढे रानडुकराचे एक तरणे पोर झोकांड्या खात चालले होते. त्याच्या सुळ्याला रक्त लागले होते. मागून अस्वल पाठीवर कोणाला तरी घेऊन येत होते. कोल्हा नीट सावरून बसला आणि म्हणाला, "जखमीला पुढे आणा."

अस्वलाने पाठीवरचे ओझे अलगद दगडापाशी उतरवले. ते कोल्ह्याचेच पिल्लू होते. त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि त्यातून रक्त वाहत होते.

"मी मुद्दाम नाही मारलं," डुकराचे पोर रडत म्हणाले. "आम्हाला दोघांनाही शुद्ध नव्हती."

सगळे निवाड्याची वाट पाहत होते. शेवटी त्याने निवाडा दिला, आणि तो बरोबर होता. दोघेही प्यायले होते, दोघांचीही चूक होती, दोघांनीही एकमेकांची माफी मागावी. दोघांनी ती मागितली. सवयीने कोणीतरी म्हणाले, "कोल्होबा होते म्हणून निभावलं." कोल्ह्याला ते ऐकवेना. तो दगडावरून खाली उतरला आणि पिल्लाचा चेहरा चाटू लागला.

जखम भरली. डुकराचे पोर आणि कोल्ह्याचे पिल्लू पुन्हा मित्र झाले. भांडण मिटले होते. पण मिटलेला डोळा पुन्हा उघडला नाही.

एके सकाळी कोल्हा नदी ओलांडून वाळूत गेला. टिटवी त्याला पाहून उडाली नाही.

"टिटवीताई," कोल्हा मान खाली घालून म्हणाला, "तुमचं कौतुक मला सोसलं नाही. माझ्या पोराच्या डोळ्याची राखण तुम्ही करत होता, ते मला कळलं नाही. मला खळग्याच्या राखणीला बसवा."

"तिथं बसून तुम्हाला कोणी चांगलं म्हणणार नाही," टिटवी म्हणाली. "काही घडणारच नाही, तर म्हणणार काय?"

"ठाऊक आहे."

"मग उद्या सकाळी या," ती म्हणाली. "अस्वलदादांनाही उठवून आणा. त्यांना जाग येत नाही."

वडाखाली पुन्हा खेळ सुरू झाले. कोल्ह्याच्या पिल्लाचा अंदाज आता चुकतो आणि पारंबी हातची निसटते. वानर त्याच्यासाठी एक जाड पारंबी पुढे धरून ठेवते. खळग्याशी बसलेल्या कोल्ह्याला ते तिथून दिसते. दगडावर पुन्हा पाचोळा साचला आहे, आणि तो झाडायला कोल्हा गेलेला नाही.

तात्पर्य : भांडण मिटवणाऱ्याचे काम दिसते, भांडण होऊ न देणाऱ्याचे दिसत नाही, पण हेव्यापोटी त्याचे काम जो मोडतो, तो आपल्याच घराची राखण मोडतो.